डॉक्टर स्लीप: 'द शायनिंग'च्या पुढच्या भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डॉक्टर स्लीप'चा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. काही 'द शायनिंग' पाहिलेल्यांचे, काही न पाहिलेल्यांचे, काही फक्त पुस्तकं वाचलेल्यांचे. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं. अर्ध्यापर्यंत 'डॉक्टर स्लीप'चा शेवट कुठेही फोडलेला नाही. जिथून फोडलाय तिथे तसं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा सिनेमा पाहिला नसेल तर तिथेच थांबा.

हा नक्की कशाचा पुढचा भाग? पुस्तकाचा की सिनेमाचा?

दोन्हींचा. खरी अडचण तिथेच आहे.

स्टीफन किंगची 'द शायनिंग' ही कादंबरी १९७७ ची. स्टॅन्ली कुब्रिकने तिच्यावर सिनेमा केला तो १९८० साली, पण कथेत मोठे बदल करून. कादंबरीच्या शेवटी बॉयलर फुटतो आणि ओव्हरलूक हॉटेल जळून खाक होतं. सिनेमात हॉटेल तसंच उभं राहतं आणि हिवाळ्यात ते सांभाळायला बायको वेंडी आणि मुलगा डॅनीला घेऊन आलेला जॅक टॉरन्स बर्फात गोठून मरतो. कादंबरीत स्वयंपाकी डिक हॅलोरन वाचतो, सिनेमात कुऱ्हाडीच्या एका घावात जातो. पुढे २०१३ साली किंगने 'डॉक्टर स्लीप' लिहिली ती अर्थातच स्वतःच्या कादंबरीला धरून: हॉटेल जळालेलं, हॅलोरन जिवंत.

आता २०१९ मध्ये सिनेमा करायला बसलेल्या माणसाने काय करायचं? जगभरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आहे ते कुब्रिकचं हॉटेल. हातात कथा आहे ती किंगची. दिग्दर्शक माइक फ्लॅनगनने दोन्ही बाजू सांभाळायचं ठरवलं. कुब्रिकच्या सिनेमात घडलं ते घडलं असं मानायचं आणि तरीही किंगच्या पुस्तकांचा आत्मा परत आणायचा. माझ्या मते हा सिनेमा लक्षात ठेवायचा तो या तडजोडीसाठी, आणि ती तडजोड तो शेवटापर्यंत प्रामाणिकपणे निभावतो.

किंगला कुब्रिकचा सिनेमा का आवडला नव्हता? तो तर इतका गाजलेला आहे.

किंगने ही नाराजी अनेक वर्षं उघडपणे सांगितली आहे. त्याचा जॅक टॉरन्स हा मुळात बरा माणूस. बायको-मुलावर जीव असलेला, दारूशी झगडणारा, हॉटेलच्या तावडीत सापडून हळूहळू खचत जाणारा. कुब्रिकच्या सिनेमातला जॅक निकल्सन मात्र पहिल्या मुलाखतीपासूनच थोडा सरकलेला वाटतो. मग त्याच्या घसरणीचं दुःख प्रेक्षकाला होणार कसं? वेंडीचं पात्र केवळ किंचाळण्यापुरतं उरलं, हीसुद्धा त्याची तक्रार होती. १९९७ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून 'द शायनिंग'ची टीव्ही मालिका करवून घेतली, तीही कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलमध्ये. याच हॉटेलात १९७४ साली राहिल्यावर त्याला मूळ कथा सुचली होती.

या नाराजीच्या मुळाशी एक अगदी खासगी गोष्ट आहे. किंग स्वतः दारूच्या आहारी गेला होता आणि नंतर त्यातून बाहेर पडला. पहिली कादंबरी पिणाऱ्या बापाने लिहिली, दुसरी दारू सुटलेल्या आजोबाच्या वयाच्या माणसाने. हे लक्षात ठेवून 'डॉक्टर स्लीप' बघा.

सिनेमाला हे नाव का?

लहानगा डॅनी आता मोठा झालाय. तो एका हॉस्पिसमध्ये रात्रपाळीला काम करतो. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसांजवळ बसतो, त्यांचा हात धरतो आणि त्यांना शांतपणे जाऊ देतो. म्हणून तिथले रुग्ण त्याला डॉक्टर स्लीप म्हणू लागतात. कोणाची वेळ आलीय हे हॉस्पिसमधल्या मांजराला आधी कळतं. ते त्या खोलीत जातं, पलंगावर चढून बसतं, आणि मग डॅन तिथे येतो.

हे मांजर किंगने हवेतून काढलेलं नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स इथल्या एका शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचं मांजर होतं. मरणाच्या दारातल्या रुग्णांशेजारी जाऊन ते वेटोळं करून बसे, अशा बातम्या तेव्हा सगळीकडे छापून आल्या होत्या. किंगला कथेचा धागा त्यातून मिळाला. दुसरा धागा वाचकांच्या प्रश्नाचा: त्या पोराचं पुढे काय झालं?

सिनेमातला हा हॉस्पिसचा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. एक म्हातारा म्हणतो, मला भीती वाटते. डॅन त्याला स्वर्गाबिर्गाचं काही सांगत नाही. झोपेसारखंच असतं, एवढंच सांगतो आणि बसून राहतो. भयपटात मरणाकडे इतक्या मायेने पाहिलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

आधी 'द शायनिंग' बघायलाच हवा का?

हो, कुब्रिकचा सिनेमा बघाच. कथा त्याशिवायही कळेल, पण शेवटचा पाऊण तास अंगावर यायचा असेल तर ते हॉटेल, तो गालिचा, २३७ नंबरची खोली, लिफ्टमधून वाहणारं रक्त हे सगळं ओळखीचं असायला हवं. पुस्तकं नाही वाचली तरी चालेल. जमलं तर पहिली कादंबरी वाचा, म्हणजे दुसऱ्या सिनेमाचा शेवट कुठून आलाय ते आपसूक कळेल.

कथा थोडक्यात काय आहे?

हॉटेलातून वाचलेला डॅनी (इवन मॅकग्रेगर) मोठेपणी बापासारखाच दारुडा होतो. डोक्यातले आवाज आणि दिसणारी भुतं बंद करायला त्याला दुसरा उपाय सापडत नाही. अगदी तळाला गेल्यावर तो न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रेझर नावाच्या छोट्या गावात येतो. बिली फ्रीमन नावाचा भला माणूस (क्लिफ कर्टिस) त्याला आसरा देतो आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) बैठकीला घेऊन जातो. आठ वर्षं उलटतात. याच काळात अब्रा स्टोन (काइली करन) ही मुलगी दूरवरून त्याच्या मनाशी बोलू लागते. खोलीच्या फळ्यासारख्या भिंतीवर तिचे शब्द उमटतात. अशी शक्ती, म्हणजेच नावातलं 'शायनिंग', तिच्यात डॅनपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिच्या वासावर काही लोक आहेत.

ते लोक कोण? ते पिशाच्च आहेत का?

त्या टोळीचं नाव ट्रू नॉट. मोठमोठ्या मोटारघरांतून देशभर फिरणारी, वरवर पाहता निवृत्त पर्यटकांसारखी दिसणारी माणसं. ही शक्ती असलेल्या मुलांना पकडून, हालहाल करून मारायचं आणि मरताना त्यांच्यातून निघणारी वाफ हुंगून जगायचं, हा त्यांचा शेकडो वर्षांचा शिरस्ता. वेदना जितकी जास्त, वाफ तितकी चांगली. उरलेली धातूच्या डब्यांत भरून ठेवतात. पण अशी मुलंच आता कमी झालीत, त्यामुळे टोळी भुकेली आहे.

त्यांची म्होरकी रोझ द हॅट. रेबेका फर्ग्युसनने ही भूमिका जी केलीय ती बघत राहावी अशी. ती फारशी ओरडत नाही. मुलांशी गोड बोलते, जादू दाखवते, टोपी तिरकी करून हसते, आणि आपल्याच टोळीतला म्हातारा मरू लागला की खरंखुरं रडते. कुटुंबावर जीव असलेली खलनायिका पाहताना जास्त भीती वाटते. रात्री ती मनाने उडत अब्राच्या खोलीत शिरते आणि तिच्या डोक्यातले कप्पे उघडायला जाते, तो प्रसंग सिनेमाची कल्पकता दाखवायला पुरेसा आहे. अब्रा झोपेचं सोंग घेऊन सापळा लावून बसलेली असते. कप्पा धाडकन बंद होतो आणि रोझचा हात आत अडकतो.

किती भीतिदायक आहे? मुलांना दाखवावा का?

दचकवणारे प्रसंग फारसे नाहीत. भीती मुरत जाते. पण मुलांना दाखवू नका, आणि घरात लहान मूल असेल तर तुम्हीही तयारीने बसा. बेसबॉल खेळणाऱ्या एका पोराला टोळी पकडते तो प्रसंग सहन होत नाही. ते काम जेकब ट्रेम्ब्ले या बालकलाकाराने केलंय. चित्रीकरणाच्या वेळी त्याचा अभिनय पाहून समोरचे कसलेले नटही हादरले होते, असं दिग्दर्शकाने सांगितलंय. रक्त फार दिसत नाही, फक्त ऐकू येतं आणि चेहरे दिसतात. तरी तेवढं पुरतं.

निकल्सन, शेली डुव्हाल यांचे चेहरे संगणकावर बनवलेत का?

नाही. फ्लॅनगनने हा मार्ग जाणूनबुजून टाळला. वेंडीच्या भूमिकेत अ‍ॅलेक्स एसो आहे, लहान डॅनी झालाय रॉजर डेल फ्लॉइड, आणि हॅलोरन झालेत कार्ल लंबली. जुन्या नटांची नक्कल करू नका, आठवण येईल एवढंच करा, असा सगळा रोख आहे. लंबलींना ते सर्वांत छान साधलंय. जॅक टॉरन्सबद्दल खाली, सूचनेच्या पुढे लिहिलंय.

१९८० च्या सिनेमातला लहानगा डॅनी, म्हणजे डॅनी लॉइड, मोठेपणी सिनेमा सोडून जीवशास्त्राचा शिक्षक झाला. या सिनेमात तो एका क्षणापुरता दिसतो, बेसबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांत बसलेला.

ओव्हरलूक हॉटेल खरं आहे का? दोन्ही सिनेमांत तेच वापरलंय?

असं हॉटेल एका जागी कुठेच नाही. कुब्रिकने बाहेरून दाखवलं ते ऑरेगन राज्यातलं टिंबरलाइन लॉज. आतलं सगळं इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत उभारलेलं. कादंबरीत खोलीचा नंबर २१७ आहे. लॉजवाल्यांना काळजी, की त्या खोलीत मग कोणी राहणार नाही. म्हणून सिनेमात त्यांच्याकडे नसलेला २३७ घेतला.

'डॉक्टर स्लीप'च्या वेळी जुने सेट अर्थातच शिल्लक नव्हते. मूळ आराखडे मिळवून जॉर्जिया राज्यात सगळं पुन्हा बांधलं. गालिच्याची नक्षी, जिना, बार, कुऱ्हाडीने फोडलेलं न्हाणीघराचं दार, सगळं मापात. डॅन त्या दाराच्या भोकातून डोकावतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण चाळीस वर्षांपूर्वी तिथून त्याचा बाप डोकावला होता. आणखी एक बारकावा: हॉस्पिसच्या नोकरीसाठी डॅन डॉक्टर जॉनला भेटतो ती खोली नीट पाहा. जॅकची मुलाखत झालेल्या कचेरीसारखीच ती सजवलीय. बापाने नोकरी धरली तिथून त्याचा नाश सुरू झाला, मुलगा तिथून सावरायला लागतो.

मूळ कट बघू की दिग्दर्शकाचा?

चित्रपटगृहात आलेला १५२ मिनिटांचा, दिग्दर्शकाचा बरोबर तीन तासांचा. २०२० च्या सुरुवातीला तो घरगुती आवृत्तीत आला. तोच बघा. कादंबरीसारखी प्रकरणं पाडलेली आहेत, अब्राच्या घरच्यांना आणि डॅनच्या बुडीत दिवसांना जागा मिळते, आणि बारमधला संवाद मोठा आहे. तीन तास जास्त वाटत असतील तर दोन रात्री करा, प्रकरणांमुळे मध्ये थांबता येतं.

एवढा चांगला आहे तर चालला का नाही?

अमेरिकेत तो ८ नोव्हेंबर २०१९ ला लागला. पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे १.४ कोटी डॉलर, आणि जगभरात शेवटी ७.२ कोटींच्या आसपास. त्याआधी २०१७ मध्ये किंगच्याच 'इट'ने सुमारे ७० कोटी कमावले होते, त्यामुळे अपेक्षा भलत्याच वाढलेल्या. मला दिसतात ती कारणं सरळ आहेत. भयपटांचा हंगाम हॅलोविनबरोबर संपलेला. लांबी अडीच तासांची. आणि विशीतल्या प्रेक्षकाला १९८० च्या सिनेमाचं अगत्य असेल असं धरून चालणं. नंतर घरी बसून पाहिलेल्यांनी त्याला खरा मान दिला.

दोष त्यातही आहेत. अब्रा इतकी बलवान आहे की तिच्या जिवाला धोका आहे हे मधल्या भागात पटत नाही. जंगलातली गोळीबाराची चकमकही उरकल्यासारखी वाटते.

सूचना: यापुढे 'डॉक्टर स्लीप'चा शेवट उघड केलेला आहे.

बारमधल्या प्रसंगाबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण सिनेमा त्याच प्रसंगामुळे झाला. किंग कुब्रिकच्या हॉटेलात परत जायला तयार नव्हता. फ्लॅनगनने त्याला हा एक प्रसंग सांगितला आणि किंगने होकार दिला.

रिकामं हॉटेल जागं व्हावं म्हणून डॅन आत शिरतो आणि गोल्ड रूमच्या बारसमोर येऊन बसतो. पलीकडे बारमन उभा. चेहरा बापाचा (हे काम हेन्री थॉमसने केलंय), पण तो स्वतःला लॉइड म्हणवतो, जॅक म्हटलेलं मान्यच करत नाही. व्हिस्कीचा ग्लास पुढे सरकवतो. डॅन त्याला आई कशी गेली ते सांगतो, तिच्या चेहऱ्यावर त्याला दिसणाऱ्या माश्यांबद्दल सांगतो. मुलाला बापाशी एकदा बोलायचंय, एवढंच. समोरून उत्तर येतं ते दारूच्या भाषेत: बायको, पोर, घर, जबाबदाऱ्या माणसाला खातात, हे औषध घे, सगळं पुसलं जाईल.

याआधी बैठकीत आठ वर्षांचं पदक हातात घेऊन डॅन बापाबद्दल बोललेला असतो. बापालाही इथे उभं राहायचं होतं, जमलं नाही. म्हणून बारमध्ये तो ग्लासला हात लावतो की नाही, यावर माझा जीव रोझच्या कुठल्याही हल्ल्यापेक्षा जास्त टांगणीला लागला होता. ज्यांच्या घरात कोणी पिणारं होतं त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-पुण्यात मराठीतून चालणाऱ्या एएच्या बैठकांना जाऊन आलेला कोणीही डॅनची बैठक लगेच ओळखेल.

शेवट पुस्तकापेक्षा वेगळा का केला?

पुस्तकात हॉटेल आधीच जळालेलं आहे. त्या जागी टोळीचा तळ आहे, आणि डॅन शेवटी जिवंत राहतो. सिनेमात डॅन मनाच्या पेट्यांमध्ये कोंडून ठेवलेली हॉटेलची भुतं मोकळी करतो. ती रोझला खातात आणि मग त्याचाच ताबा घेतात. तो कुऱ्हाड घेऊन अब्राच्या मागे लागतो, अगदी बापासारखा. पण शेवटच्या क्षणी भानावर येतो, तिला पळायला सांगतो आणि बॉयलरच्या खोलीत जाऊन हॉटेलसकट जळतो.

हा शेवट १९७७ च्या कादंबरीतला आहे, जॅकचा. तिथे जॅक क्षणभर शुद्धीवर येऊन मुलाला पळ म्हणतो आणि बॉयलर हॉटेलला घेऊन जातो. कुब्रिकने तो काढून टाकला होता. फ्लॅनगनने तो बापाकडून घेऊन मुलाला दिला. एका फटक्यात कुब्रिकचं हॉटेल किंगच्या आगीत जळलं. डॅन मरायला नको होता असं म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं, सावरलेल्या माणसाने जगावं हा पुस्तकाचा आग्रह मोठा आहे. तरीही सिनेमाच्या अंगाने हाच शेवट मला योग्य वाटतो.

आणखी काय काय बदललंय?

बरंच. पुस्तकात अब्रा ही डॅनच्या रक्ताच्या नात्यातली आहे: तिची आई ही जॅकची दुसऱ्या बाईपासून झालेली मुलगी. सिनेमात नातं रक्ताचं नाही, आणि ते बरंच झालं. टोळी पुस्तकात गोवराने पोखरली जाते, त्या बेसबॉलवाल्या पोराकडून लागलेल्या. अब्राची पणजी सिनेमात नाहीच. बिली आणि अब्राचे वडील पुस्तकात वाचतात, सिनेमात मारले जातात.

हॅलोरनचा पेच मात्र सुरेख सोडवलाय. कुब्रिकने त्याला मारलेलं असल्यामुळे इथे तो आत्मा होऊन येतो आणि डॅनीला भुतं पेटीत बंद करायला शिकवतो. दोन्ही 'शायनिंग' खरे राहतात.

किंगला हा सिनेमा आवडला का?

आवडला. कुब्रिकच्या सिनेमात आपल्याला जे खटकत होतं त्याची इथे भरपाई झाली, अशा अर्थाचं तो जाहीरपणे बोलला. चाळीस वर्षं धरलेला राग असा निवळलेला पाहून वाचक म्हणून मला फार बरं वाटलं.

अगदी शेवटी अब्रा न्हाणीघरात का जाते?

हॉटेल जळालं तरी २३७ मधली ती सडलेली बाई उरलीय आणि आता अब्राच्या टबमध्ये बसलीय. अब्रा आत जाऊन दार लावून घेते. हॅलोरनने डॅनीला शिकवलेलं पेटीचं तंत्र डॅनकडून तिच्याकडे आलंय, आणि ती आता ते वापरणार आहे.

मराठी वाचकाने किंग कुठून सुरू करावा?

तुम्ही नारायण धारप वाचले असतील तर नकळत सुरुवात झालेली आहे. किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून धारपांची 'आजी' आली, आणि राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड'मधल्या म्हातारीचं मूळ त्या कथेत आहे. इंग्रजीतून वाचणार असाल तर थेट 'द शायनिंग' घ्या. भाषा सोपी आहे.

पुढचा भाग येणार का?

हॅलोरनच्या तरुणपणावर एक सिनेमा फ्लॅनगनच्या डोक्यात होता, पण तिकीटखिडकीवरच्या आकड्यांनंतर तो मागे पडला. फ्लॅनगनने नंतर किंगच्याच कथेवर 'द लाइफ ऑफ चक' केला. त्याला २०२४ च्या टोरांटो महोत्सवात प्रेक्षकांची पसंती मिळाली. हॅलोरनला तरुण पाहायचंच असेल तर २०२५ च्या 'इट: वेलकम टू डेरी' या मालिकेत तो आहे, ख्रिस चॉकने साकारलेला. मालिका दुसऱ्याच लोकांनी केलीय, पण पात्र तेच.